बर्रादच्या भिंतीतला चौकोन

मित्रांनो, जरा लांबच बसा. माझ्या डाव्या भिंतीला हात लावू नका. तिथला पत्रा कापलेला आहे आणि त्याची कड अजून धारदार आहे.

मी एक जुना बर्राद आहे. माल थंड ठेवणाऱ्या ट्रकला इकडे बर्राद म्हणतात. सौदी अरेबियाच्या उत्तर सीमेवर एक व्यापारी शहर आहे. त्या शहराबाहेर, जप्त केलेल्या गाड्यांच्या आवारात मी उभा आहे. माझ्या टायरांमधली हवा गेली आहे. पोटात वाळू साचली आहे. ज्या पोटात कधीकाळी द्राक्षांवर दव धरायचे, तिथे आता दुपारी सरडासुद्धा थांबत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. दोन पत्र्यांच्या मध्ये पिवळसर फोम ओतून माझ्या भिंती बनवल्या. फोम म्हणजे बहुतेक सगळी हवाच असते, बारीक बारीक बुडबुड्यांत कोंडलेली. कोंडलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. लोकांना वाटते, बर्रादमधली थंडी यंत्र तयार करते. खरे तर यंत्र आतली उष्णता बाहेर फेकते, एवढेच. बाहेरची पुन्हा आत येऊ न देण्याचे काम भिंतींचे. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट भिंतीचीच आहे.

मला अबू नासिर या फळांच्या व्यापाऱ्याने विकत घेतले. माझा चालक होता कादिर, कोकणातल्या हर्णैचा. सीमेपलीकडच्या मळ्यांतून डाळिंबे, सफरचंदे, पीच भरायचे, नाक्यावर शिक्का घ्यायचा आणि शहराच्या बाजारात उतरवायचे, असे आमचे काम. उरलेला माल घेऊन आम्ही देशाच्या आत, हाइल शहरापर्यंत जात असू. तेव्हा बाजार पहाटेपासून गजबजलेला असे. हमाल एकमेकांना यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, म्हणत ढकलत. तंदूरमधून थाळ्याएवढ्या रोट्या निघत. अबू नासिरची बहीण सीमेपलीकडे दिलेली होती. तिच्या घरचे ऑलिव्हचे लोणचे माझ्याच केबिनमधून येई आणि इकडचे खजूर माझ्याच केबिनमधून जात. माझे दार उघडले की पहिला गार झोत अंगावर घ्यायला लोक मुद्दाम पुढे उभे राहत. अबू नासिर माझ्या भिंतीवर थाप मारून म्हणे, "हा माझ्या घरातला सगळ्यात थंड डोक्याचा माणूस!"

मग गोळ्या आल्या. नशेच्या गोळ्या. कुणी त्या पोकळ केलेल्या डाळिंबांत भरल्या, कुणी पेट्यांच्या तळाशी. माझ्यासारख्याच एका बर्रादच्या भिंतीतला फोम काढून तिथे गोळ्या रचलेल्या सापडल्या. त्या गोळ्या शहरातही उतरत होत्या. अबू नासिरचा पुतण्या त्यांच्या नादी लागला. चांगला उंचापुरा तरुण, पण आता तो घराच्या ओट्यावर बसतो आणि हाक मारली तरी वळून बघत नाही. म्हणून नाक्यावरची तपासणी कडक झाली तेव्हा अबू नासिरने तक्रार केली नाही. तो म्हणाला, "तपासू दे. आधीच तपासायला हवं होतं."

तपासणी अशी असे. रांगेत उभे राहायचे. नंबर आला की सगळा माल डांबरावर उतरवायचा. कुत्रा वास घेऊन जाई. मग लांब ड्रिल घेऊन माझ्या भिंतींना भोके पाडत आणि ड्रिलच्या टोकाला काय लागून येते ते पाहत. माझ्या भिंतीतून नेहमी पिवळा भुसाच निघे. तिथला एक तरुण अधिकारी प्रत्येक वेळी कादिरला म्हणे, "राग मानू नकोस. मला बघावंच लागतं." तो खरेच बोलत होता. त्याच्या जागी तुम्ही असता, तरी तुम्हाला बघावेच लागले असते.

पण डांबरावर उतरवलेले पीच दुपारपर्यंत मऊ पडत. आणि भिंतीला भोक पडले की कोंडलेली हवा मोकळी होते. दमट हवा आत शिरते, फोम पाणी धरतो, ओला फोम उष्णता आत सोडतो. माझे यंत्र जिवाच्या आकांताने फिरे, तरी पोट गार होईना. फळे नासलेली येऊ लागली. मळेवाल्यांनी दुसरे गिऱ्हाईक शोधले. बाजारात आधी हमाल कमी झाले, मग रोट्यांचा तंदूर विझला, मग गाळ्यांची शटरे खाली आली. ज्यांनी कधी गोळी पाहिली नव्हती, त्यांचीही.

त्या बाजारात एका गाळ्यात एसी आणि फ्रीज दुरुस्तीचे दुकान होते. तिथे बाळाराम काम करी. तो दाभोळचा, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातला. दुकान बंद झाल्यावर त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याला इथे राहण्याचा परवाना होता तो मालक, त्याला म्हणाला, "तुझं तू काम बघ." परवान्यावर, म्हणजे इकाम्यावर, त्याच बंद दुकानाचे नाव राहिले. दुसऱ्याकडे काम करताना सापडला असता, तर त्याला देशाबाहेर काढले असते. तरी तो कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शेडमध्ये लपूनछपून गाड्या दुरुस्त करू लागला. कादिर मला त्याच्याकडे घेऊन गेला.

बाळारामने माझ्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केली आणि कान लावला.

"काय रे, डॉक्टर झालास काय?" कादिर हसला.

"डावी बाजू गेली हिची. चाळण झालीय नुसती. एवढा तुकडा कापूनच काढावा लागेल."

"मग काप. भोकांवर सिलिकॉन थाप आणि सोड."

"थापायचं ते शेण, कादिरभाय. मी नाही थापत."

त्याने माझ्या बाहेरच्या पत्र्याचा खिडकीएवढा चौकोन कापला. ओला फोम खरवडून काढला. दोन द्रव बादलीत ढवळून नवा फोम ओतला. पत्र्याला आधार म्हणून मागे लाकडी फळी बसवली. मग नवा पत्रा लावून रिवेट मारले, सांधे घासले आणि त्यावर जुन्या पत्र्याशी मिळताजुळता रंग दिला. रंग जुळेना म्हणून त्यात चिमूटभर धूळसुद्धा मिसळली.

कादिर बघत होता. "अरे मेल्या, ठिगळ दिसू दे की! ट्रक आहे, लग्नाला नाही न्यायचा."

"आमच्या घरात होडीची फट बुजवली, की ती कुठे होती ते मालकालाही सापडता कामा नये. सापडली तर माझा बाप हातोडी फेकून मारायचा."

"तुझा बाप नाक्यावर नाही बसत."

"बसला असता तर पास केली असती त्याने." बाळारामने ब्रश पुसला. मग हळूच म्हणाला, "मी हात लावलाय हे कुणाला बोलू नकोस हां. लेकीचं, सानिकाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. ते सरेपर्यंत तरी राहू दे मला इथं."

"माझ्या तोंडून नाही निघणार," कादिर म्हणाला.

मित्रांनो, इतके प्रेम माझ्यावर कुणीच केले नव्हते. माझे पोट पुन्हा गार झाले. मी खूश होतो. पुढे काय होणार आहे याची मला जराही कल्पना नव्हती.

पुढच्याच फेरीत नाक्यावर मला नव्या स्कॅनरमधून नेले. स्कॅनरचे किरण पत्र्यातून आरपार जातात. जिथे वस्तू दाट असते तिथे ते अडतात आणि पडद्यावर काळी छाया उमटते. हाताने ढवळलेला फोम कारखान्यातल्या फोमपेक्षा दाट होतो. त्याच्यामागे फळी आणि रिवेटही होते. पडद्यावर माझ्या डाव्या भिंतीत एक स्वच्छ, काटकोनी, काळा चौकोन दिसला. अधिकाऱ्यांनी जवळ येऊन भिंत पाहिली, तर तिथे काहीच दिसेना. सांधा नाही, ठिगळ नाही. उलट त्यामुळेच त्यांची खात्री पटली. स्कॅनरला घनता दिसते, मनातला हेतू दिसत नाही.

कादिरला कोठडीत नेले. मला या आवारात आणून उभे केले. भिंत कापून उघडायची परवानगी येईपर्यंत सगळे थांबले.

गोळ्यांच्या गुन्ह्याला इथे किती कडक शिक्षा आहे हे शहरात प्रत्येकाला माहीत आहे. बाळारामलाही माहीत होते. ती भिंत त्याने भरली हे सांगणारा साक्षीदार एकटा कादिर, आणि कादिर तर तोंड उघडणार नव्हता.

परवानगी आली. दुपारी त्याच तरुण अधिकाऱ्याने कादिरला समोर उभे केले, कटर लावून माझा चौकोन तीन बाजूंनी कापला आणि पत्रा दारासारखा उघडला. आत फोम होता. त्याने तो कुस्करला, हुंगला, फळी काढून उलटी केली. गोळी नव्हती.

"इतकं सफाईदार काम कुणी केलं?" त्याने विचारले.

"माहीत नाही. गाडी जुनी आहे," कादिर म्हणाला.

अधिकाऱ्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "जा, तू मोकळा आहेस."

कादिर आपली नमाज पढायची जानमाज आणि थर्मास घ्यायला केबिनमध्ये चढला. शेजारी दुसऱ्या ट्रकवर कटर चालू झाला होता. कानठळ्या बसत होत्या. तेवढ्यात आवाराच्या फाटकातून बाळाराम आत आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती, पुरावा म्हणून आणलेली. तो सरळ अधिकाऱ्यांच्या घोळक्याकडे निघाला.

कादिरने केबिनमधून हात हलवले. "बाळाराम, मागे फिर! सुटलोय मी! गप बस, गप!"

कटरच्या आवाजात त्यातला एक शब्दही पोहोचला नाही. बाळारामला वाटले, कादिर मदतीला बोलावतोय. त्याने झपाझप पाऊल उचलले. अगदी घोळक्यासमोर उभा राहून त्याने पाठ करून आणलेले अरबी वाक्य ओरडून म्हटले. "भिंत मी भरली. ड्रायव्हरचा दोष नाही."

कटर थांबला. तरुण अधिकारी एकटा असता तर कदाचित त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले असते. पण तिथे त्याचे वरिष्ठही उभे होते.

"इकामा," वरिष्ठांनी हात पुढे केला. कार्ड पाहिले. "हे तर दुरुस्तीच्या दुकानाचं नाव आहे. ते कधीच बंद झालं. मग तू काम कुठे करतोस?"

बाळारामने तेच वाक्य पुन्हा म्हटले. त्याने एकच पाठ केले होते.

तरुण अधिकारी हलक्या आवाजात म्हणाला, "तू का आलास? तो तर सुटला होता."

बाळारामने कादिरकडे पाहिले. "सुटलास?"

"सुटलो होतो रे मेल्या," कादिर म्हणाला, आणि केबिनच्या पायरीवर खाली बसला. "सुटलो होतो."

मग बाळारामचे लक्ष माझ्याकडे गेले. लोंबणाऱ्या पत्र्याकडे पाहून तो म्हणाला, "हे असंच सोडलंय? कुणाचा तरी हात कापेल." त्याने पिशवीतून पक्कड काढली आणि पत्र्याची कड आत वाकवायला सुरुवात केली. एक बाजू नीट वाकवली. दुसरी अर्धी झाली. तेवढ्यात शिपायाने त्याच्या दंडाला धरले. पक्कड वाळूत पडली, ती अजून तिथेच आहे.

त्याला परत पाठवले. या देशात आता त्याला कामासाठी येता येणार नाही. सानिकाचे वर्ष पुरे झाले की नाही, हे मला सांगणारे इकडे कुणी उरले नाही. कादिरने नोकरी सोडली. तो हर्णैला गेला, पण दाभोळला जाऊन बाळारामचे तोंड बघायचे धाडस त्याला होत नाही, असे तो निघण्याआधी अबू नासिरला म्हणाला. ते दोघे माझ्याजवळच उभे होते. अबू नासिरला मी परत मिळत होतो, पण त्याने नेले नाही. माझ्या भिंतीवर त्याने पूर्वीसारखी थाप मारली नाही, नुसता हात टेकवला आणि म्हणाला, "खलास." त्याचा गाळा बंद आहे. सीमेपलीकडून लोणचे येत नाही. त्याचा पुतण्या अजून ओट्यावरच बसतो.

मित्रांनो, यात वाईट माणूस कोण ते मी पुष्कळ दिवस शोधले. गोळ्या भरणारा तर या आवारात कधी आलाच नाही. इथे आलेल्या प्रत्येकाने आपापले काम नीट केले होते.

जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचे असते. मला रंगवा, चालवा, असे मी म्हणत नाही. या भिंतीत आता थंडी राहणार नाही. पण वारा सुटला की हा पत्रा आपटत राहतो, आणि सावलीला इथे कुणी ना कुणी येतच असते. तुमच्यापैकी कुणी मोठा होऊन इकडून गेला, तर जाड हातमोजे घाला, वाळूतली ती पक्कड उचला आणि राहिलेली अर्धी कड आत वाकवा. ती वाकवलेली दिसली तरी चालेल.