पुसट प्लेट

संध्याकाळच्या पेपरात काय येणार हे सगळ्यात आधी संपादकाला कळायचं, आणि लगेच त्याच्यामागोमाग छापखान्यातल्या प्लेटवाल्याला. तिसरा मान प्लेटवाल्याच्या बायकोचा. दुपारी जेवायला घरी आला की पहिल्या घासाबरोबर तो बातम्या सुरू करायचा. "आमच्याकडे पेपर ताटात येतो," असं ती शेजारणींना सांगायची.

प्लेटवर पान वाचायची ही खोड त्याला नानांनी लावली. नाना छापखान्याच्या फिल्म विभागाचे प्रमुख. पानाची फिल्म काढायची, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर तिचे तुकडे जुळवायचे, मग तिच्यावरून छपाईच्या पत्र्याची प्लेट करायची, असा तो काळ. "हात जुळवतात, डोळे वाचतात. पगार दोघांना मिळतो, काम दोघांनी करायचं," हे नानांचं पालुपद. प्लेटवाला त्यांच्या हाताखाली शिकला. सदानकदा डोळ्याला भिंग लावलेलं, म्हणून नानांनी त्याचं नाव भिंग्या ठेवलं, आणि छापखान्यात तेच रूढ झालं.

मग लेझरचं मशीन आलं. संगणकातलं पान थेट अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर उतरू लागलं. प्लेटवर पॉलिमरचा पातळ थर असतो. लेझर पडतो तिथे तो घट्ट होतो, बाकीचा रसायनात धुऊन जातो, आणि चंदेरी पत्र्यावर निळी अक्षरं उरतात. मालकांनी हे शिकायला भिंग्याला पाठवलं. पहिली प्लेट निघाली तेव्हा सगळे भोवती जमले. नाना सवयीप्रमाणे भिंग घेऊन वाकले, तसा भिंग्या हसत म्हणाला, "राहू द्या नाना. हिला आता तुमच्या डोळ्यांची गरज नाही."

तो गमतीने बोलला होता. मालकही हसले. पण थोड्याच दिवसांत त्यांनी नानांना घरी बसवलं, तेही जवळजवळ याच शब्दांत. नानांनी जाताना काचेचं टेबल आणि फिल्मची कात्री तेवढी मागून घेतली. भिंग्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

नानांकडे जाऊन माफी मागायची हे भिंग्याने त्याच दिवशी ठरवलं होतं. ठरवलेलं काम, कधीही होईल, अशा समाधानात वर्षं निघून गेली. बायको अधूनमधून टोचायची. "जा की एकदा. जीभ चालवताना लाज वाटली नाही, पाय चालवताना कसली वाटते?"

"जातो गं. रविवारी."

"कुठल्या रविवारी, तेही सांगा."

अशातच प्लेटांची नवी जात आली. हिला धुवायलाच लागत नाही. लेझरखालून निघाली की सरळ छपाईच्या मशीनवर चढते, आणि नको असलेला थर तिथल्या पाण्याने न् शाईने सुटून पहिल्या रद्दी कागदांबरोबर निघून जातो. रसायन वाचलं, पाणी वाचलं, खोलीतला तो उग्र वास गेला. फक्त भिंग्याच्या हातात ती असते तेव्हा अक्षरं पुसट असतात, करड्यावर किंचित गडद करडी. त्याने आठवडाभर डोळे ताणून पाहिले आणि सोडून दिलं. कडेचा पान नंबर आणि शाईचा रंग बघायचा न् पुढे सरकवायची. ताटात बातम्या येईनाशा झाल्या. बायको म्हणाली, "आता लोकांसारखा विकतचा पेपर घ्यावा लागणार." घेतला मात्र कोणीच नाही.

शेवटी तो गेला. रविवारी सकाळी, फळांची पिशवी घेऊन, बायकोने दाराबाहेर काढलं म्हणून. नानांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या.

"नाना? गेले की मुलाकडे. कायमचे. गेल्या सोमवारी." चिमटा तोंडातून काढून त्यांनी त्याला निरखलं. "तुम्ही भिंग्या का हो?"

"हो."

"मग आता कशाला आलात? आठवडाभर खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसले होते. मी म्हटलं फोन करा. तर म्हणे, नाही, पेपरात दिलंय. तो वाचणारच, सगळ्या गावाआधी वाचणार."

"नवीन प्लेटांवर अक्षरं दिसत नाहीत हो," भिंग्या म्हणाला.

"दिसत नाहीत, मग छापता काय, डोंबल?" आणि लगेच, "ते टेबल मात्र आता मागू नका. माझी नात त्यावर अभ्यास करते."

नानांचा नवा फोन नंबर मात्र त्यांनी दिला.

तिथून तो तडक छापखान्यात गेला. वापरलेल्या प्लेटा मागच्या बाजूला भंगारासाठी रचलेल्या असतात. छोट्या जाहिरातींचं पान त्याने शोधून काढलं. छपाई होऊन गेलेली प्लेट ती, शाई धरून बसलेली. अक्षर न् अक्षर काळंभोर. घरभाड्याच्या आणि शिकवणीच्या जाहिरातींमध्ये चार ओळी होत्या: 'घर सोडून कायमचा जात आहे. फिल्म जुळवायचे काचेचे टेबल व कात्री ज्याला हवी त्याने रविवारपर्यंत न्यावी. फोन करू नये. यावे.'

ते टेबल हवं असणारा माणूस शहरात एकच होता.

खोलीत उद्याच्या पुरवणीची एक ताजी प्लेट तयार होती. त्याने ती उचलली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. अक्षरं उमटली. फिकी, पण वाचता येतील अशी. छपाईचा मशीनवाला रोज असंच करून पान तपासतो, हे त्याला माहीत होतं.

दुपारी घरून त्याने फोन लावला.

"अरे भिंग्या!" नानांचा आवाज तसाच, भरदार. "शेजारच्या बाईंनी आत्ताच कळवलं मला. नव्या प्लेटा वाचताच येत नाहीत म्हणे?"

भिंग्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिकडे नाना वाट बघत होते.

"नाही नाना," तो म्हणाला. "काहीच दिसत नाही."

"बघ! आणि मी इथे आठ दिवस कुढत बसलोय, की पोरानं वाचलं, तरी आला नाही. म्हातारपणी मन फार हलकं होतं बघ. राग धरू नकोस हं. चुकलं माझं."

"नाना, मीच..."

"सोड रे. टेबल गेलं, कात्री आहे माझ्याकडे. पाठवून देतो."

फोन ठेवला तेव्हा बायको ताटं घेत होती. "मागितली एकदाची माफी?" तिने विचारलं.

"मागितली."

"मग तोंड का पडलंय? काय म्हणाले ते?"

"त्यांनी मागितली," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.