खोलीच्या तापमानाला

आई सुईला घाबरते हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त आईला मान्य नाही. "घाबरत नाही, मला आवडत नाही," असं ती म्हणते. तिला रक्त द्यायला तयार करण्यात मावशीचे सहा महिने गेले. त्यातला शेवटचा धक्का माझा.

मावशी आईची धाकटी बहीण. ती एका प्रयोगशाळेत काम करते. या दोघींची आई, म्हणजे माझी आजी, पोटातल्या गाठीने गेली. गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. आता मावशीकडे एक नवीन तपासणी आली आहे. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात, कॅन्सरच्या पेशींचेसुद्धा. गाठ हाताला लागण्याच्या आधीच ते तुकडे कधीकधी सापडतात. शाळेत मी यावर वीस मिनिटं बोलले (टाळ्या पडल्या, खरंच!) आणि तेच सगळं घरी ओट्यापाशी आईला ऐकवलं.

"म्हणजे मिठाच्या बरणीत साखरेचा एक कण शोधायचा," आई म्हणाली.

"अगदी तेच! आई, तू किती हुशार आहेस."

"उपकार झाले. पण एकदाच देईन. दुसऱ्यांदा सुई दाखवलीत तर दोघींशी बोलणं बंद."

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मावशीने आईचा हात ताब्यात घेतला. शीर सापडेना. तिसऱ्या टोचणीला सापडली. तोवर आईने मावशीची लहानपणापासूनची सगळी पापं मोजून दाखवली होती. दोन नळ्या भरल्या. मावशीने एकेक नळी दहा वेळा हलकेच उलटीसुलटी केली, झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवतात तशी. तिला तिथून गावाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या पेशंटकडे जायचं होतं.

"दुपारी चारच्या आत माझ्याकडे पोचव. जोरात हलवू नकोस, उशीर करू नकोस. जमेल?"

"मावशी, मी काय लहान आहे?"

आता एक सांगायला हवं. बाबा दुधाची गार गाडी चालवतात. आमच्या घरात गारवा म्हणजे धर्म. गार राहिला तर माल, नाहीतर कचरा, हे ऐकतच मी मोठी झाले. म्हणून मी बाबांचा छोटा थंड डबा घेतला, फ्रीजरमधले चार बर्फाचे पॅक काढले, मधोमध नळ्या ठेवल्या आणि झाकण घट्ट लावलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की बसच्या थांब्यापर्यंत मी जवळजवळ नाचतच गेले.

बाबा अर्ध्या वाटेवर माल उघडून बघतात. मीही बघितला. नळ्या पांढऱ्या झाल्या होत्या, आतलं रक्त कडेला गोठून चिकटलं होतं. आणि नळीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'खोलीच्या तापमानाला ठेवा. गोठवू नका.'

मी दोन्ही नळ्या मुठीत धरल्या. चार थांब्यांत आतलं रक्त वितळलं. लाल, पातळ, सकाळसारखंच. कुणाला काही कळलं नसतं.

पण मला कळत होतं. रक्त गोठलं की पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा स्वतःचा डीएनए बाहेर सांडतो. बरणीत मिठाचं अख्खं पोतं ओतल्यासारखं. साखरेचा कण असला तरी सापडणार नाही. हे माझ्याच भाषणात होतं, टाळ्यांच्या जरा आधी.

प्रयोगशाळेत मावशी हातमोजे चढवत होती.

"मावशी, मी गोठवलं."

"काय गोठवलं?"

"आईचं रक्त."

तिने हातमोजे काढून ठेवले. "तुझ्या बापाने सांगितलं?"

"नाही. मीच. शहाणपणाने."

मावशी स्टुलावर बसली. "इथे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मी तोंडाने सांगितलं नाही. चूक माझीही आहे. यंत्रात गरगर फिरवल्यावर वर येणारं पिवळसर पाणी लाल दिसलं असतं तर आम्ही नमुना फेकला असता. पण लाली नजरेतून निसटली असती तर 'काही सापडलं नाही' असा कागद गेला असता." तिने नळ्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकल्या. "आता ताईला सांगणार कोण?"

"तू तिची बहीण आहेस."

"आणि तू तिची मुलगी. जा."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातूनच सगळं एका दमात सांगितलं. बाबा नुकतेच आले होते. ते म्हणाले, "पण गार ठेवलं होतंस ना? मग बिघडेल कसं?"

"बाबा, तेच तर!"

आईने हातावरच्या तीन पट्ट्यांकडे बघितलं. "तू गप्प बसली असतीस तर?"

"तर कदाचित सगळं ठीक आहे असा कागद आला असता. कदाचित खोटा."

ती बराच वेळ एकाच टॉवेलची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आजीच्या वेळी असाच एक कागद आला होता. सगळं ठीक. आठ महिने आम्ही त्याच्यावर निवांत झोपलो." टॉवेल ढिगावर ठेवला. "तुझ्या मावशीला फोन लाव. सोमवारी येते म्हणावं. तिकडेच. तुम्हा बापलेकींच्या हातात मी आता थेंब देणार नाही."

सोमवारी शीर दुसऱ्याच टोचणीला सापडली. आईने नळ्या मावशीच्या हातातून काढून घेतल्या, मोठ्याने दहापर्यंत मोजत स्वतः उलट्यासुलट्या केल्या आणि यंत्रापर्यंत स्वतःच घेऊन गेली. मी मागून बारीक अक्षरं वाचून दाखवली. "कळलं, कळलं," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी मावशी कागद घेऊन आली. काही सापडलं नव्हतं.

आईने तो दोनदा वाचला. "याच्यावर झोपू का?"

"वर्षभर झोप, ताई. पण कुठे दुखलंखुपलं तर लगेच सांगायचं, कागद दाखवत बसायचं नाही. आणि पुढच्या वर्षी पुन्हा."

आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मावशीला म्हणाली, "पुन्हा? मग सुई तरी बारीक आण."