राखेतले मणी

"मडक्याला हात लावशील तर बघ!" थोरले दीर माझ्या अंगावर ओरडले. मीही काही ऐकून घेणारी नव्हे. म्हटलं, "नाही लावत. पण भाऊजी, व्यापारी दारात उभा आहे. त्याला काय राख दाखवू?"

यायचा होता दुसऱ्या दिवशी, मेला आला एक दिवस आधी! आमची लाल मण्यांची पहिली खेप तेवढ्यात राखेत गेली होती. भट्टीतल्या मातीच्या मुशीत वितळलेली काच सळईवर घ्यायची, फिरवत फिरवत मणी वळायचा आणि तसाच गरम राखेच्या मडक्यात सोडायचा. तिथं त्यानं दुसऱ्या दिवसाच्या उन्हापर्यंत पडून राहायचं. घाई केली, वारा लागला, की मणी आतल्या आत तडकतो. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

आजेसासरे सांगायचे, गावात तीस भट्ट्या होत्या. इथले मणी गलबतात बसून समुद्रापार जायचे, आणि तिकडचे राजे म्हणे ते गळ्यात घालून मिरवायचे. आम्हाला साधं शहर बघायला मिळालं नाही! अजूनही नांगर लावला की ढेकळातून एखादा मणी वर येतो. बाकी जमीन म्हणाल तर नुसता मुरूम, पेरलं तेवढंही उगवत नाही. भट्ट्या एकेक करून विझल्या. यंत्राचे मणी आले, पोत्यानं आले. उरली ती आमची एकटी भट्टी. तिच्यासाठी लाकूडही थोडंच राहिलं होतं. व्यापाऱ्यानं लाल पसंत केला तर वर्षभराचं काम मिळणार होतं, नाहीतर भट्टी बंद. दोन्ही घरांची चूल त्या एका भट्टीवर.

व्यापारी पाटावर बसला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "दादा, माझी गाडी दुपारी निघते. आज दिसले तर घेतो, नाहीतर पुढं यंत्रवाल्याकडं जातो. माझाही इलाज नाही."

"उद्या सकाळी या," थोरले म्हणाले.

"उद्या मी इथं नाही."

थोरल्या जाऊबाई दाराआडून हातानं खुणावत होत्या, नको, नको. आमचे हे खाली मान घालून लाकडं रचत बसले होते. शेवटी माझीच जीभ वळवळली. "काढा की वरचे चार. मडकं बाहेरून कोमटच लागतंय. लक्ष्मी दारात आली नि आपण तोंड धुवायला जायचं?"

थोरल्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मडक्याला गाल लावला, डोळे मिटले, आणि दोन पसे मणी काढून फडक्यावर ओतले.

काय लाल होता सांगू! नुकत्या फोडलेल्या डाळिंबासारखा. व्यापाऱ्यानं एक उचलला, उजेडात धरला. "असा लाल यंत्राला सात जन्मात येणार नाही," तो म्हणाला. "वर्षभर घेतो, दादा. जेवढा कराल तेवढा." जाऊबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी तर चहा टाकायला धावलेच, साखर मूठभर जास्तच घातली.

कपबश्या घेऊन आले, तर सगळे फडक्याकडं बघत बसलेले. फडक्यावरून आवाज आला. टिक्. परत टिक्. मग तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे मणी फुटायला लागले. व्यापाऱ्यानं हातातला मणी खाली ठेवला, तोही दोन फाकी होऊन पडला.

"राहू द्या, दादा," तो म्हणाला. चहा तेवढा घेतला.

"खालचे चांगले निघतील, उद्यापर्यंत थांबा!" आमचे हे त्याच्यामागं गाडीपर्यंत पळाले. तो थांबला नाही.

हे परत आले आणि सवयीनं भट्टीत टाकायला ओंडका उचलला. थोरले म्हणाले, "नको टाकू आता."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर थोरल्यांनी मडकं उपडं केलं. खालचे मणी निघाले, शेसव्वाशे असतील. एकालाही तडा नव्हता. हे ते घेऊन तालुक्याला व्यापाऱ्याच्या दुकानात गेले. तिथल्या कारकुनानं पुडी उघडूनही बघितली नाही. यंत्रवाल्याशी बोलणं झालंय म्हणाला.

मी थोरल्यांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भाऊजी, मला चार शिव्या तरी घाला."

"तू बोलली नसतीस तरी मी काढलेच असते," ते म्हणाले. "मडकं गरम होतं. माझ्या गालाला कळलं होतं."

मला रडू फुटलं. ते उठले आणि भट्टीच्या तोंडातून आत बघू लागले. जाळ विझला तशी काच मुशीतच थिजली होती, आणि निवताना मूस वरपासून खालपर्यंत चिरली होती. आणि असली मूस घडवणारा कुंभार गाव सोडून गेला, त्याला चार वर्षं झाली होती.