दशरथ सुतारांची सही

अनुपमाने नावबदलाचा अर्ज बाबांच्या ताटाशेजारी ठेवला आणि त्यावर पेन, टोपण काढून.

"जेवू तरी दे," दशरथ सुतार म्हणाले.

"दहावीचा फॉर्म भरायच्या आत व्हायला हवं, बाबा. एकदा बोर्डात सुतार लागलं की वाट लागली. मिठबांवकर कसलं झकास वाटतं! आपलंच तर गाव."

वर्गात बाक डुगडुगलं की पोरं तिलाच हाक मारत, "सुतार, ये गं, ठोक!" आणि खरं तर स्टेशनसमोरचे डॉक्टर सुतार दात बसवायचे, शाळेतल्या सुतारबाई भूमिती शिकवायच्या, बाबा विम्याच्या ऑफिसात फायली लावायचे. रंधा एकाच्याही घरात नसेल!

बेल वाजली. समोरच्या क्षमाकाकू धापा टाकत होत्या.

"सुतार, चला हो लवकर! सासूबाई बाथरूममध्ये अडकल्यात. दार फुगलंय, हलतच नाही."

"काकू, बाबा ऑफिसात काम करतात. सुतारकाम नाही," अनुपमा ठसक्यात म्हणाली.

बाबा हात धुऊन निघालेसुद्धा.

त्यांनी दाराला खांदा लावला. मग काकूंचा स्क्रूड्रायव्हर फटीत घालून पिळला. लाकडाची ढलपी उडाली, दार तसंच. आतून आजी देवाचा धावा करू लागल्या. बाबांनी ढलपी उचलली आणि ती परत तिच्या जागी बसवून पाहिली.

"मला येत नाही हो," ते हळूच म्हणाले. "वडिलांनी हत्याराला हात लावू दिला नाही. शाळेत जा म्हणायचे."

अनुपमा नाक्यावर धावली. चंद्रप्रकाश मिस्त्रीला घेऊन आली तेव्हा बाबा फरशीवर बसून दारापलीकडच्या आजींना मिठबांवच्या समुद्राबद्दल सांगत होते.

चंद्रप्रकाशने जोर लावलाच नाही. बोटांच्या पेरांनी दार वाजवत वाजवत तो वरच्या कोपऱ्याशी थांबला. मग पटाशीचं चपटं पातं दाराखाली सरकवलं, तिच्या मुठीवर पाय दाबला. दार केसभर उचललं गेलं, आणि उघडलं.

आजींना पंख्याखाली नेलं. बाबा मात्र तिथेच.

"भैया, फिर से दिखाओ ना."

चंद्रप्रकाशने पुन्हा दाखवलं. बाबा ओणवे होऊन बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"दे तो अर्ज."

"आत्ता? जेवण राहिलंय ना तुमचं."

"बरोबर आहे तुझं. हे नाव लावायचा मला काय हक्क?"

त्यांनी पेन उचललं. आठवडाभर ती याच क्षणाची वाट बघत होती. तिने त्यांच्या बोटांखालून अर्ज ओढून घेतला.

"थांबा. आधी मला सांगा, पटाशी त्याने कशी धरली होती?"

"कशाला गं?"

"सांगा ना."

बाबांनी ताटातला चमचा उचलला, तिरपा धरला.

"अशी," ते म्हणाले. मग मनगट किंचित वळवलं. "नाही, थांब. अशी."

अनुपमाने दुसरा चमचा घेतला.