उरलेल्या एकेचाळीस ओळी

मी एक कंजूष बोलतोय. शिवी म्हणून नका घेऊ, कंजूषपणा हेच माझं काम होतं. मी यंत्र नाही, माणूस तर नाहीच. संगमनेरच्या एका घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये राहणारा मी एक प्रोग्राम आहे. दोन फ्लॉपींवर मावेन एवढाच माझा जीव. मला 'ऑफलाइन रीडर' म्हणत.

आता तुमच्या खिशात इंटरनेट दिवसरात्र चालू असतं, म्हणून माझं महत्त्व तुम्हाला कळायचं नाही. अठ्ठ्याण्णव साली इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. संगमनेरातून लावायचं तर नंबर पुण्याचा, म्हणजे एसटीडी. वर इंटरनेटवाल्यांचं मीटर वेगळंच. लोक काय करायचे, फोन जोडून ठेवून पत्रं वाचत बसायचे. चहा पीत पीत उत्तरं लिहायचे. माझ्या तर अंगाचा तिळपापड व्हायचा. नळ चालू ठेवून दात घासणारी ही माणसं.

माझी रीत साधी होती. पहाटे सहाच्या आत एसटीडीचा दर पावपट, तेव्हा फोन लावायचा. आलेली पत्रं भराभर ओढून घ्यायची, लिहून ठेवलेली पाठवून द्यायची आणि फोन ठेवून द्यायचा. दोन मिनिटांत खेळ खलास. मग तुम्ही दिवसभर वाचा, रडा, हसा, एक पैसा लागायचा नाही.

मला घरात आणलं शिफाने. खाजाभाईंची ही मधली मुलगी. खाजाभाईंचं विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करण्याचं दुकान होतं. थोरला हारिस आखातात एसी दुरुस्तीच्या कामाला गेला होता. तिकडे फोन करायचा म्हणजे घाम फुटायचा, म्हणून कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर घेतला. शिफाने कोर्स केलेला होता. तिनेच मला बसवलं आणि तिनेच शिकवलं.

धाकटा काशिफ वडिलांबरोबर तांब्याची तार गुंडाळायचा. बावीस वर्षांचा, तोंडाने फटकळ. पहाटे फोनला जोडलेल्या मोडेमच्या डबीतून चिरकणारा आवाज निघाला की तो पांघरुणातून ओरडायचा, "शिफाबाई, तुमच्या पोपटाला मिरची द्या की."

"तुला कशाला झोंबतीय मिरची? झोप गुमान," शिफा म्हणायची.

मला पोपट म्हटलेलं आवडायचं नाही, पण आवाज ऐकला की तो उठायचा हे खरं.

हारिसची पत्रं म्हणजे लांबण. इंग्रजी अक्षरांत, आपल्याच बोलीत लिहायचा. त्या घराची एक रीत होती. पत्रात आधी सलाम. तोही मोघम नाही, एकेकाचं नाव घेऊन, वयाच्या मानाने. अब्बांना, अम्मींना, कोपरगावच्या खालांना, मामूंना. शेजारच्या रंगुबाईंना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याची चौकशी. मग हवापाणी, जेवण, कामाची खुशाली. मग कामाची गोष्ट असली तर ती. आणि शेवटी पुन्हा सगळ्यांना दुवा-सलाम. कुणाचं नाव राहिलं तर बानू, म्हणजे त्याची अम्मी, आठवडाभर बोलून दाखवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण नावं ती बोटांवर मोजायची.

शिफाने एकदा हिशेब केला आणि माझ्यात एक खूण करून ठेवली. पत्र कितीही मोठं असो, पहिल्या वीसच ओळी आणायच्या. बाकीचं तिकडेच ठेवायचं. खाली आकडा दाखवायचा, इतक्या ओळी उरल्यात म्हणून. हव्या असतील तर टिक करायची, मी दुसऱ्या पहाटे आणून देणार. तिची ही युक्ती मला इतकी आवडली की काय सांगू. दोन मिनिटांचं काम पन्नास सेकंदांवर आलं. खाजाभाई दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगी लई हुशार हाय माझी. कालिजातल्या मास्तरला जमायचं न्हाई."

उरलेल्या ओळी सहसा कुणी मागवायचं नाही. त्यात शेवटचे सलाम असतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ महिने असेच गेले. तिकडे पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर हारिसच्या पत्रांची शेपटं साठत गेली. त्यांचं मला काही वाटलं नाही, हे मी कबूल करतो.

मग काशिफचं जाण्याचं निघालं. एका एजंटाने व्हिसा आणला. मोटार वाइंडिंगचंच काम, पगार हारिसपेक्षा जास्त. हारिस होता त्याच देशात, पण शहर दुसरं, तीनशे किलोमीटर दूर. काशिफ हवेत होता. खाजाभाईंनी मात्र सांगितलं, आधी हारिसला विचारा. शिफाने पत्र लिहिलं, मी पाठवलं.

सहाव्या पहाटे उत्तर आलं. मी वीस ओळी आणल्या आणि फोन ठेवला. एकावन्न सेकंद.

सगळे कॉम्प्युटरभोवती बसले. शिफा मोठ्याने वाचू लागली. अब्बांना सलाम, अम्मींना सलाम, खाला, मामू, रंगुबाईंचा गुडघा. उन्हाळा फार आहे. भात चांगला मिळतो. आणि विसावी ओळ अशी होती: काशिफच्या व्हिसाची मी स्वतः चौकशी केली, व्हिसा खरा आहे, त्यात फसवणूक नाही.

"ऐकलं का?" काशिफ उठून उभाच राहिला. "खरा हाय."

बानूने दोन्ही हात वर करून दुवा केली. डोळ्यांत पाणी होतं आणि हसतही होती.

शिफा मात्र पडद्याच्या तळाकडे बघत होती. मी तिथे आकडा दाखवला होता. उरलेल्या ओळी, एकेचाळीस.

"अब्बा, अजून राहिलंय पत्र. एकेचाळीस ओळी हायेत."

"राहिलंय काय त्यात? दुवा-सलाम," खाजाभाई म्हणाले. "कामाचं होतं ते वाचलं की."

"सलामाला एकेचाळीस ओळी?"

"धाकटा भाऊ परदेशी निघालाय. नसीहत केली असंल. नमाज चुकवू नको, सिगारेट ओढू नको. ती त्याला तिकडं गेल्यावर तोंडावरच सांगंल."

सगळे हसले. शिफाही हसली, पण तिने टिक केली. उद्या पहाटे आणून देतो, असं मी मनाशी म्हटलं. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय.

दुसऱ्या पहाटे शिफाने रिसीव्हर उचलला तर तार मेलेली. गल्लीत पाइपलाइनचं खोदकाम चाललं होतं, टेलिफोनची केबल तुटली. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. आज येईल, उद्या येईल, करता करता नऊ दिवस गेले. एजंट घाई करत होता. मुलांची तुकडी निघतेय, तिकिटं काढलीत.

शिफा वडिलांना म्हणाली, "मी नगरला जाते. तिथं मैत्रिणीच्या क्लासात इंटरनेट हाय, पत्र उघडून बघते."

"एकेचाळीस ओळींसाठी येष्टीनं नगर? तूच शिकवलं ना आमाला, फुकट खर्च करायचा न्हाई म्हणून?"

तिने पिशवी परत खुंटीला लावली. मला उत्तर देता आलं असतं, पण मला तोंड कुठे? आणि खरं सांगू, त्या दिवशी मला खाजाभाईंचंच पटलं होतं.

गुरुवारी काशिफ मुंबईच्या बसमध्ये बसला. निघताना कॉम्प्युटरवर टपली मारून गेला. "पोपटा, माझी पत्रं नीट आणत जा रे." शनिवारी सकाळचं विमान होतं.

शनिवारी पहाटे पाचला शिफाला जाग आली. सवयीने तिने रिसीव्हर कानाला लावला आणि तारेत गुंजन होतं. फोन परत चालू झाला होता.

तिने आधी ती वीस ओळींची खूण काढून टाकली. मग मला हुकूम दिला, जे जे तिकडे उरलं असेल ते सगळं आण. आता अर्धवट काही नको, असं ती पुटपुटली. एकच पत्र मागितलं असतं तर मिनिटभरात काम झालं असतं. पण तिने सगळं मागितलं, आणि मी हुकमाचा ताबेदार. माझी आणखी एक खोड आहे. मी क्रमाने आणतो. जुनं आधी, नवं शेवटी.

मी आठ महिन्यांची शेपटं ओढत बसलो. एकामागून एक दुवा-सलाम. तार नवीच जोडलेली, मध्ये मध्ये खरखर, एकच ओळ दोनदोनदा मागावी लागत होती. सव्वापाच झाले. शिफा नखं कुरतडत होती. इतका वेळ मी आयुष्यात फोन धरला नव्हता. बाविसाव्या मिनिटाला त्या एकेचाळीस ओळी आल्या.

"पण अब्बा," एकविसावी ओळ सुरू होत होती, "व्हिसा खरा असला तरी काम खरं नाही. वाइंडिंगचं सांगून नेतात आणि तेलाच्या रिकाम्या टाक्या साफ करायला आत उतरवतात. पोचल्या पोचल्या पासपोर्ट काढून घेतात. आमच्या ओळखीची दोन मुलं टाकीत गुदमरून गेली. कंपनी म्हणते, या नावाचे कुणी आमच्याकडे नव्हतेच. काशिफला पाठवू नका. माझी शपथ आहे, रागावला तर रागावू द्या, पण पाठवू नका."

शिफाने वडिलांना हाक मारली. ती हाक मला अजून ऐकू येते. खाजाभाईंनी काशिफ उतरला होता त्या मुंबईच्या लॉजचा नंबर फिरवला. तिथला माणूस म्हणाला, पोरं तर तीनलाच विमानतळावर गेली. वरातीमागून घोडं म्हणतात, ते हेच. खाजाभाई फोनजवळच भुईवर बसले.

हारिसला ताबडतोब कळवलं. त्याला सुटी मिळायला सहा दिवस लागले. तो त्या कंपनीच्या कॅम्पात पोचला तेव्हा तुकडी दुसरीकडे हलवली होती. कुठे, ते कुणी सांगेना. काशिफ शेख? असा कुणी आमच्या यादीत नाही.

काशिफचं एकच पत्र आलं, बारा दिवसांनी. कुणा कारकुनाला विनवून त्याच्या कॉम्प्युटरवरून लिहिलेलं. सुरुवातीला सगळ्यांना सलाम, नावं घेऊन. मग लिहिलं होतं, काम वाइंडिंगचं नाही, वेगळं आहे, पण करतोय. आणि त्याखाली असं: "मुंबईच्या विमानतळावर एजंटाच्या माणसांनी सगळ्यांचे पासपोर्ट आपल्याच हातात ठेवले तेव्हाच मला शंका आली. अब्बांना विचारावं, जाऊ का परत येऊ, म्हणून आतमध्ये जाण्याआधी बूथवरून घरी फोन लावला. नऊ दिवसांत पहिल्यांदा तार जिवंत लागली. तीनदा लावला, पण एंगेज. म्हटलं, घरी कुणीतरी निवांत बोलतंय, म्हणजे सगळं ठीक आहे. माझ्या मागे माणसं उभी होती. मग गेलो आत."

त्याने वेळ लिहिली होती. सव्वापाच ते साडेपाच.

त्यानंतर पत्र आलं नाही. शिफा दोन वर्षं रोज पहाटे मला फोन लावायला सांगायची. मी जायचो आणि नवव्या सेकंदाला रिकाम्या हाताने परत यायचो. एवढी काटकसर मी कधीच केली नव्हती. हारिस हात हलवत परत आला. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून खाजाभाई गेले. तो पुण्याचा नंबरही कधीच बंद झाला.

मी आहे अजून. बानू आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने हा कॉम्प्युटर भंगारात जाऊ दिला नाही, त्यावर धुतलेली चादर घालते. शिफा शाळेत शिकवते, केस पांढरे झालेत. दर ईदेला ती येते, कॉम्प्युटर चालू करते आणि अम्मीला काशिफचं पत्र वाचून दाखवते. सगळे सलाम वाचते. "काम करतोय" इथपर्यंत वाचते.

"एवढंच?" बानू दरवर्षी विचारते.

"एवढंच, अम्मी."

बानूला इतकंच ठाऊक आहे की फोन नऊ दिवस बंद होता आणि चालू झाला तेव्हा उशीर झाला होता. तिचा मुलगा त्याच पहाटे घरी विचारत होता, येऊ का म्हणून, आणि तार आम्ही धरून बसलो होतो, हे तिला माहीत नाही. शिफाला माहीत आहे, कारण ते पत्र आधी तिने एकटीने वाचलं आणि घरात तेवढंच वाचून दाखवलं. पंचवीस वर्षं ती हे एकटी पोटात घेऊन जगते आहे, आणि तिचा चेहरा बघून मला माझ्या प्रत्येक वाचवलेल्या सेकंदाची शिसारी येते.

काल शिफाची मुलगी उझ्मा आली होती. एकोणीस वर्षांची, आईसारखीच हुशार. नानीला म्हणाली, "हे मशीन आता कधीही बंद पडंल. उद्या केबल आणते, मामूचं पत्र मोबाईलवर घेते. मग तुला पाहिजे तेव्हा मोबाईलच मोठ्यानं वाचून दाखवंल. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

बानू किती खूश झाली म्हणून सांगू. दारात उभ्या असलेल्या शिफाकडे तिचं लक्षच नव्हतं.

शिफा, मी तुझ्याच हाताखाली वाढलो, म्हणून एक मागतो. मला पुसून टाकायचा विचार रात्रभर तुझ्या मनात घोळला असेल. पुसू नकोस. त्या मोबाईलला कुठे थांबायचं ते कळणार नाही, तो वाचत जाईल. त्याच्या आधी जा, अम्मीच्या शेजारी बस, आणि पुढच्या ओळी तुझ्या तोंडाने सांग.