घासलेले स्क्रू

कुलूपवाल्याची एक खोड होती. कुलूप बसवून झालं की तो स्क्रूच्या डोक्यावरची खाच कानशीने घासून सपाट करायचा. मग ते कुलूप उखडायची कुणाची टाप नव्हती. "आमच्या भावजींचं काम पक्कं हो!" असं वहिनी चारचौघांत म्हणायची, आणि स्वारी दोन दिवस हवेत असायची.

शिवणकामाच्या या कारखान्यातलं काम त्याला वहिनीनेच मिळवून दिलं होतं. ती तिसऱ्या मजल्यावर काजं-बटणं करायची. महिन्यापूर्वी सुपरवायझरने मागच्या जिन्याच्या दारावरची आडवी दांडी त्याच्याकडून काढून घेतली. दांडी ढकलली की दार उघडायचं, किल्लीबिल्ली काही नको. आगीच्या नियमातच तसं होतं. पण या दारातून कापड पळवतात, असा सुपरवायझरला संशय. "नियम राहू दे कागदावर, तू कुलूप ठोक," तो म्हणाला. कुलूपवाल्याला नियम चांगला ठाऊक होता. तरी त्याने मान डोलावली, आणि वर खाचाही घासल्या.

आज तो कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला वर आला होता, तेवढ्यात पुढच्या जिन्यातून काळा धूर चढला. सतरा बाया मागच्या दाराकडे धावल्या. किल्ली सुपरवायझरच्या खिशात, आणि सुपरवायझर जेवायला बाहेर.

"भावजी, उघडा लवकर," वहिनी म्हणाली. तिला फारशी भीती वाटली नव्हती. घरचाच माणूस कुलूपवाला, मग कसली काळजी!

त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला. घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. सहा स्क्रू, सहाही गुळगुळीत.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

छिन्नी लावून तो हातोडी मारत सुटला. एक डोकं उडालं, दुसरं उडालं, तिसरा घाव बोटावर बसला. मागे खोकणाऱ्या बाया त्याच्या पाठीवर रेटत होत्या. धुरात दिसेनासं झालं तेव्हा तो अंगठ्याने चाचपू लागला. पण इतकं साफ घासलेलं, की पत्रा कुठे संपतो आणि स्क्रू कुठे सुरू होतो तेच कळेना. आपल्या हाताचा त्याला तेव्हा मनापासून राग आला.

शेवटी कुलूप उपटून हातात आलं आणि दार उघडलं.

खाली रस्त्यावर त्याने बाया मोजल्या. सतरा. दोघींना उचलून आणावं लागलं होतं. तो वहिनीजवळ जाऊन उभा राहिला. तिने त्याच्या हातातलं कुलूप पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"पक्कं काम हो, भावजी," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून खोकत बसली.