दुसरी रेघ

बोरी अरब गावच्या मांडवात टाळ थांबले, तरी माणसं उठेनात. कीर्तन म्हणजे माझा जीव. म्हणून सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो. त्या दिवशी नारदाच्या गादीवर एक भामटा उभा होता. नाव मात्र निर्मळ महाराज!

"एड्स? आपल्या काढ्यापुढं तो उंदीर हाय उंदीर!" महाराज गरजले.

पुरावा? रोग्याची सकाळची लघवी ते एका पट्टीवर टाकत. एकच रेघ उमटली की जयजयकार. सरकारी दवाखान्यात रक्त तपासताना दोन रेघा म्हणजे आजार, हे रोग्यांनी पाहिलेलं. म्हणून विश्वास बसे.

काल गावातल्या धनसिंगचीही एकच रेघ आली होती. दर महिन्याला मजुरी बुडवून एसटीनं यवतमाळला जायचं, एड्सच्या गोळ्या आणायच्या. बिचारा कंटाळला होता. आज तो गोळ्यांचा डबा महाराजांच्या धुनीत टाकणार होता.

"थांब, भिया!" त्याची बहीण रुपीबाई लघवीची बाटली घेऊन पुढं आली. "महाराज, आजचंही पाहा. मंग खुशाल जाळा."

"पाहू ना! देवाले कायचं भेव?"

पट्टी ओली झाली. एक रेघ आली. मग दुसरी.

महाराज पुन्हा गरजले. "कोनंतरी शंका घेतली! रोग परत आला! काढा दुप्पट घ्या लागन!"

"शंका मायी," रुपीबाई म्हणाली, "अन् बाटलीतलंबी मायंच. मले तिसरा महिना हाय. नर्सबाईनं अशीच पट्टी लावली होती. दुसरी रेघ म्हंजे पोटुशी! सांगा आता, माहा भाऊ बाळंत कधी होते?"

"डोहाळजेवण करा लेकाचं!" एक म्हातारी ओरडली. मांडव हसता हसता खवळला. महाराज उपरणं सोडून पळाले.

पट्टी गर्भ तपासायची होती. पुरुष आजारी असो की ठणठणीत, त्याची एकच रेघ येणार. एवढाच चमत्कार!

धनसिंग डबा छातीशी धरून माझ्याकडं आला. "काका, जन्मभर खा लागतेत का ह्या?"

"हो रे. गोळी रोगाला दाबून ठेवते. सोडलीस की तो उठलाच. मी रोज नाम घेतो, कंटाळतो का? तू वेळेवर गोळी घे."

भाविकांनो, देवापुढं माथा जरूर टेकवा; पण पट्टी कशाची, काढा कशाचा, हे विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो भामटा.

माझ्या तांब्यातल्या पाण्यानं धनसिंगनं गोळी गिळली. रुपीबाईनं त्याचा दंड धरला.

"चाल भिया. मामा व्हाले जित्ता राहा लागते."